कृत्रिम व्हॉल्व्हनंतरची गोळी: घरी आल्यापासून काय काय सांभाळायचं

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून घरी येणाऱ्या माणसाच्या पिशवीत पाच-सहा तरी औषधं असतात. त्यातली बरीचशी पुढच्या काही महिन्यांत कमी होतात किंवा बंद होतात. मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर एक गोळी मात्र जन्मभर राहते, ती म्हणजे रक्त पातळ ठेवणारी. ऑपरेशन सर्जनने केलं, पण ते टिकवण्याचं काम या गोळीचं आणि ती रोज घेणाऱ्या माणसाचं.

माझ्या आईचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या चार व्हॉल्व्हपैकी एक) मेटलचा आहे आणि तिची आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीच्या आकड्याची, वही मी सांभाळते. ओळखीत कोणाचं असं ऑपरेशन झालं की त्यांच्या घरचे मला फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहिते आहे. गोळी किती घ्यायची हे या लेखात नाही. ते तुमचा रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टरच ठरवणार.

डिस्चार्जच्या आधी विचारून घ्यायचं

पहिला प्रश्न, व्हॉल्व्ह कोणता बसवला? टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेला असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी साधारण ३ ते ६ महिने असते. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा दुसरं काही कारण असेल तर ती पुढेही चालू राहते. मेटलचा असेल तर ती कायमची.

दुसरा प्रश्न, कुठला व्हॉल्व्ह बदलला? एओर्टिक की मायट्रल, की दोन्ही? मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी असतो, त्यामुळे तिथे गुठळी होण्याचा धोका जास्त. म्हणून आयएनआर थोडा वर ठेवावा लागतो. नव्या पद्धतीच्या दोन पाकळ्यांच्या एओर्टिक व्हॉल्व्हला, बाकी धोके नसतील, तर सहसा २ ते ३ सांगतात. मायट्रलला सहसा २.५ ते ३.५. आपल्याकडे बऱ्याच जणांना टीटीके चित्रा हा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तो विकसित केला आणि माणसाच्या हृदयात पहिल्यांदा १९९० मध्ये बसवला गेला. त्यात दोन पाकळ्यांऐवजी एकच झुलती चकती असते. व्हॉल्व्हची जात, जागा, हृदयाची ताकद, आधी कधी गुठळी झाली होती का, हे सगळं बघून आकडा ठरतो. त्यामुळे शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा आकडा तुमचा नाही.

डिस्चार्ज कार्डावर हा आकडा स्पष्ट लिहून मागा: 'आयएनआर अमुक ते अमुक ठेवायचा'. तो लिहिलेला नसेल तर वॉर्डमधून हलू नका. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात हे विचारायला संकोच वाटतो, पण पुढे गावातला प्रत्येक डॉक्टर तुम्हाला हाच प्रश्न विचारणार आहे. व्हॉल्व्हचं छोटं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, साइज आणि नंबर असतो. ते लॅमिनेट करून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की तेच दाखवावं लागतं.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. पुढच्या तपासण्या आणि औषधं यातलं काही योजनेच्या फॉलोअपमध्ये बसतं का, हे तेव्हाच विचारा. नंतर फोनवरून नीट कळत नाही.

गोळी नेमकं काय करते

धातू किंवा कार्बनच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की त्यावर गुठळी धरू शकते. ती व्हॉल्व्हच्या पाकळीत अडकली तर पाकळी हलेनाशी होते, आणि सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. रक्त गोठवणारे काही घटक आपलं यकृत तयार करतं आणि त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. ही गोळी त्याच कामात अडथळा आणते. परिणामी रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. किती जास्त, ते आयएनआरवरून कळतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो.

भारतात यासाठी मुख्यतः दोन औषधं दिली जातात, ॲसिनोकूमारॉल आणि वॉरफेरिन. ॲसिनोकूमारॉल बहुतेकांना ॲसिट्रॉम या नावाने माहीत असतं. काम दोघांचं एकच, पण ती मिलीग्रॅमला मिलीग्रॅम जुळत नाहीत. ॲसिनोकूमारॉलचा डोस वॉरफेरिनच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे मेडिकलवाला म्हणाला, "ते नाहीये, हे घ्या, एकच आहे," तर घेऊ नका. दुसऱ्या दुकानात जा किंवा डॉक्टरांना फोन करा. एकाच गोळीच्या १, २, ३, ४ मिलीग्रॅमच्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात. दुकानातच पट्टीवरचा आकडा वाचून घ्यायचा, घरी येऊन नाही. वेगवेगळ्या ताकदीच्या दोन पट्ट्या लागत असतील तर त्या वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. घरात दहा दिवसांचा साठा कायम असू द्या.

ज्यांना आयएनआर करावाच लागत नाही अशा नव्या गोळ्यांबद्दलही कोणीतरी सांगतंच: डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन. इतर आजारांत त्या चांगल्या आहेत, पण मेटलच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची मेटल व्हॉल्व्हच्या पेशंटवर चाचणी झाली होती. तिच्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त झाला, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपिक्साबॅनच्या चाचणीचीही पुढे तीच गत झाली. ज्यांच्या भावाला किंवा सासऱ्यांना ठोके अनियमित असल्यामुळे यातली एखादी गोळी चालू आहे, त्यांच्याकडून हा सल्ला फार प्रेमाने येतो. प्रेम घ्या, सल्ला घेऊ नका.

वेळ आणि वही

गोळी संध्याकाळी, रोज एकाच वेळी घ्यायची. संध्याकाळच का? रिपोर्ट दुपारपर्यंत येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच दिवसापासून बदलता येतो. आमच्याकडे दिवेलागणीला गोळी, असं पक्कं ठरलेलं आहे. मोबाइलचा गजर लावा, पण गजर बंद करून "घेते जरा वेळाने" असं नको. गजर वाजतोय तोवर गोळी तोंडात.

एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच रात्री आठवलं, तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्या आणि आजची आजच्या वेळेला घ्या. दोन दिवसांची एकदम कधीच घ्यायची नाही. वहीत मात्र 'सुटली' असं लिहा. सलग दोन दिवस सुटली तर डॉक्टरांना कळवा. ॲसिनोकूमारॉलचा असर वॉरफेरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे तिथे हयगय आणखी महागात पडते.

वही साधी दोनशे पानी चालते. आईच्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, आयएनआर, चालू डोस, नवा डोस, पुढची तपासणी आणि शेरा. सगळ्यात उपयोगी पडतो तो शेऱ्याचा रकाना. 'ताप, पाच दिवस अँटिबायोटिक', 'श्रावण लागला', 'जुलाब, जेवण नाही', 'मंगळवारी गोळी सुटली' अशा नोंदी त्यात असतात. आकडा अचानक वर-खाली झाला की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं, आणि डॉक्टरांनाही डोस बदलायचा की नुसतं आठवड्याने परत बघायचं हे ठरवता येतं.

डोस बरेचदा वारानुसार असतो. समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार ३ मिलीग्रॅम आणि बाकीचे चार दिवस २. आठवड्याचे झाले १७. डॉक्टर हिशोब या आठवड्याच्या बेरजेवर करतात आणि बदल सहसा छोटा करतात. आकडा जरा खाली आला म्हणून कोणी आपल्या मनाने रोज ३ करून टाकले तर आठवड्याचे एकदम २१ होतात, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा वाढ. पुढच्या आठवड्यात नाकातून रक्त येतं ते यामुळे. ज्या दिवशी डोस बदलला त्या दिवशी कॅलेंडरवर पुढच्या प्रत्येक वाराखाली आकडा लिहून ठेवा. गोळी घेतली की त्यावर खूण करायची. म्हाताऱ्या माणसांना "घेतली की नाही" हे आठवत नाही, आणि खूण बघून कळतं.

आयएनआरची तपासणी

डिस्चार्जनंतर सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी आणि आकडा स्थिरावला की साधारण महिन्याने तपासणी होते. डोस बदलला, नवीन औषध सुरू झालं किंवा आजारपण आलं, की मधेच करायची. उपाशीपोटी जायची गरज नाही.

एकच लॅब धरून ठेवा. याचं कारण रिपोर्टमध्येच दिसतं. त्यावर पेशंटचं रक्त गोठायला लागलेली वेळ सेकंदांत असते, कंट्रोलची, म्हणजे निरोगी रक्ताची वेळ असते आणि आयएसआय नावाचा एक आकडा असतो. लॅब रक्त गोठवायला जे रसायन वापरते ते किती संवेदनशील आहे, हे आयएसआयवरून कळतं. पेशंटच्या वेळेला कंट्रोलच्या वेळेने भागायचं आणि त्या गुणोत्तराला आयएसआयचा घात द्यायचा, की आयएनआर येतो. समजा पेशंटचे ३० सेकंद, कंट्रोल १२ सेकंद, गुणोत्तर २.५. आयएसआय १ असेल तर आयएनआर २.५. आयएसआय १.२ असेल तर त्याच ३० सेकंदांचा आयएनआर ३ होतो. म्हणून सेकंद बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. आयएनआर बघा. तालुक्याच्या काही लॅब रिपोर्टवर नुसते सेकंद देतात. तिथे आयएनआर लिहून मागायचाच.

रक्त घेताना निळ्या टोपणाच्या नळीकडे लक्ष असू द्या. तिच्यात रक्त गोठू न देणारा द्रव आधीच असतो आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असं प्रमाण ठरलेलं असतं. शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर द्रव जास्त होतो आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. त्या रिपोर्टवर डोस कमी केला तर प्रत्यक्षात रक्त घट्ट होणार. नळीवर खूण असते, तिथपर्यंत रक्त यायला हवं. "ताई, खुणेपर्यंत भरलं ना?" एवढं विचारलं की झालं. त्यात कोणी रागवत नाही. आकडा अगदीच अनपेक्षित आला आणि वहीच्या शेऱ्यात काहीच कारण नसेल, तर डोस बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा करून घ्या.

बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं मशिन घरीही ठेवता येतं. ज्यांचं गाव लॅबपासून लांब आहे त्यांना ते फार सोयीचं, पण पट्ट्या महाग असतात. घेतलंच तर सुरुवातीला लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघा.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवताना नुसता आकडा पाठवू नका. नाव, तारीख, कोणता व्हॉल्व्ह, चालू डोस आणि शेरा हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा. डॉक्टरांकडे असे पन्नास मेसेज असतात. उत्तर आलं की ते वहीत उतरवून घ्या.

आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला तर धोका गुठळीचा असतो. काही वेळा डॉक्टर काही दिवस पोटावरची हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं देतात. फार वर गेला आणि रक्तस्राव नसेल, तर बहुतेकदा एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासणी सांगतात. अशा वेळी घाईने व्हिटॅमिन केचं इंजेक्शन घेऊन येऊ नका. जास्त व्हिटॅमिन के दिलं तर रक्त एकदम घट्ट होऊन व्हॉल्व्हच बंद पडू शकतो, आणि नंतर कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही. तो निर्णय व्हॉल्व्हची माहिती असलेल्या डॉक्टरांचाच.

जेवण

"पालेभाजी बंद" असं सांगून पेशंटला घरी पाठवणारे अजून आहेत, आणि मला हे मनापासून पटत नाही. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं हे खरं. मेथी, पालक, माठ, शेपू, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर या सगळ्यांत ते भरपूर असतं. पण ऑपरेशननंतर अशक्त झालेल्या माणसाला, त्यातही रक्त कमी असलेल्या बाईला, पालेभाजीवाचून ठेवणं योग्य नाही. शिवाय जो कधीच पालेभाजी खात नाही, त्याने एका लग्नात वाटीभर अळूचं फदफदं खाल्लं तरी त्याचा आकडा हलतो. पालेभाजी बंद करायची नाही, तिचं प्रमाण सारखं ठेवायचं. आठवड्यातून दोनदा वाटीभर खात असाल तर बारा महिने तेवढीच खा. गोळीचा डोस त्या जेवणाला धरूनच बसवला जातो.

आपल्याकडे खरी अडचण येते ती ऋतूंची आणि सणांची. थंडीत मेथी-पालक स्वस्त होतो आणि रोज ताटात येतो. पावसाळ्यात कोकणात टाकळा, कुरडूसारख्या रानभाज्या येतात. ऋषिपंचमीला अळू-माठाची भाजी पोटभर होते. हे सगळं आकडा खाली आणणारं. उलट नवरात्रात नऊ दिवस उपास धरला, जेवणच कमी झालं, किंवा आजारपणात पेजेवर दिवस काढले की आकडा वर जातो. रमजानच्या रोज्यांतही जेवणाची आणि गोळीची वेळ बदलते. सण करा, पण उपास धरण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि शक्यतो त्या आठवड्यात एक तपासणी जास्त करा. दोन-तीन दिवस जुलाब-उलट्या झाल्या तरी तपासणी करा.

आमटीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीने काही होत नाही. ताटभर कोथिंबीर वड्यांची गोष्ट वेगळी. फ्लॉवर, दुधी, दोडका, भोपळा, बटाटा, टोमॅटो, कांदा यांची काळजी नको. फोडणीतल्या हळदीची आणि लसणीची भीती बाळगू नका. हळदीच्या कॅप्सूल, लसणीच्या गोळ्या, गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पाल्याची पावडर, ग्रीन टीचे रोजचे दोन-तीन कप हे मात्र आपल्या मनाने सुरू करायचं नाही. व्हिटॅमिनच्या गोळीच्या पाकिटावर व्हिटॅमिन के आहे का ते वाचा. दारू शक्यतो नकोच. एका बैठकीत जास्त झाली तर आकडा चढतो, आणि पडून डोक्याला लागण्याचा धोका वेगळाच.

दुसरी औषधं, सगळ्यात मोठी जोखीम

भाजीपेक्षा जास्त गोंधळ दुसऱ्या औषधांनी होतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड अशी गोळी आणणं आपल्याकडे रोजचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो आयएनआरच्या आकड्यात दिसतही नाही. दुखण्याला किंवा तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही थोडं आणि थोडे दिवस. दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त आणि सलग बरेच दिवस घेतलं तर तेही आकडा वाढवतं. दुकानात मागताना 'नुसतं पॅरासिटामॉल' म्हणून मागा, कारण जोडगोळीत दुसरं औषध मिसळलेलं असतं. ॲस्पिरिन डॉक्टरांनी स्वतः दिलं असेल तरच घ्या.

अँटिबायोटिक्समुळे आकडा वाढतो. त्यात मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्साझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचं नाव आधी येतं. नायट्यासाठी मिळणारं फ्लुकोनॅझोल आणि ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोनही तसंच. असं काही सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करा.

टीबीच्या औषधांबद्दल विशेष सांगते. रिफॅम्पिसिन यकृताला ही गोळी फार वेगाने मोडायला लावतं. आकडा खाली येतो आणि डोस कधीकधी दुपटी-तिपटीने वाढवावा लागतो. पुढे टीबीचा कोर्स संपतो, सगळे आनंदात असतात, आणि इकडे वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. मग दोन-तीन आठवड्यांत आकडा भराभर चढतो. त्यामुळे टीबीची औषधं सुरू होताना आणि बंद होताना, दोन्ही वेळा आठवड्याला तपासणी हवी. फिटच्या काही औषधांनीही, म्हणजे फेनिटॉइन आणि कार्बमॅझेपिनने, डोसचं गणित बदलतं.

काढे, चूर्णं, अर्जुनसालीसारखी हृदयासाठी म्हणून दिली जाणारी औषधं घ्यायची असतील तर वैद्यांना या गोळीबद्दल आणि हृदयाच्या डॉक्टरांना त्या औषधाबद्दल सांगा. कोणापासूनही लपवू नका.

गावात ताप आला की कमरेत सुई घेण्याची सवय असते. स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळू शकतं, म्हणून शक्य तिथे नको म्हणा. संधिवाताच्या तापामुळे व्हॉल्व्ह खराब झालेल्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असतं आणि ऑपरेशननंतरही त्याची गरज संपत नाही. ते आपल्या मनाने बंद करू नका. इंजेक्शनच घ्यायचं की गोळ्यांवर जायचं, हे डॉक्टरांना विचारा. लस घ्यायची असेल तर बारीक सुईने घ्या आणि नंतर पाच मिनिटं न चोळता दाबून धरा.

कधी वाट बघत थांबायचं नाही

ब्रश करताना हिरडीतून जरा रक्त येणं, हातावर छोटे काळेनिळे डाग पडणं, हे डॉक्टरांना सांगून तपासणी करण्याजोगं. मऊ ब्रश वापरा. मिश्री लावण्याची सवय असेल तर सोडा, तिने हिरड्या सोलवटतात.

पुढचं काही झालं तर मात्र सकाळची वाट बघू नका. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही नाकाचं रक्त थांबत नाही, लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी होते, शौचाला डांबरासारखं काळं होतं, उलटीत रक्त येतं, कधी नव्हे एवढं डोकं दुखतं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. मेंदूतला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी कळतो.

दुसऱ्या बाजूची लक्षणंही घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोबडी वळणं. एखादा पाय एकदम गार पडून खूप दुखू लागणं. अचानक धाप लागणं. मेटलच्या व्हॉल्व्हची टकटक शांत खोलीत ऐकू येते, रोजच्या माणसांना तिची सवय असते. तो आवाज दबला किंवा ऐकू येईनासा झाला तर लगेच निघा. १०८ ला फोन करा आणि वही, व्हॉल्व्हचं कार्ड, गोळ्यांची पट्टी सोबत घ्या. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "मेटलचा व्हॉल्व्ह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे."

दात, ऑपरेशन, ताप

दात काढायचा म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एक दात काढायला सहसा गोळी थांबवावी लागत नाही. एक-दोन दिवस आधी आयएनआर करायचा आणि तो मर्यादेत असेल तर दंतवैद्य टाके आणि औषधाच्या बोळ्याने रक्त थांबवतात. आणखी एक, कृत्रिम व्हॉल्व्ह असलेल्यांना दात काढण्याआधी किंवा हिरड्यांच्या कामाआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. तोंडातले जंतू रक्तात जाऊन व्हॉल्व्हवर बसू नयेत म्हणून तो असतो. दंतवैद्यांना खुर्चीत बसण्याआधीच सांगा. मोठं ऑपरेशन असेल तर गोळी कधी थांबवायची, मधे हेपरिन द्यायचं का, परत कधी सुरू करायची, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. ते कागदावर तारखांसह लिहून घ्या.

ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही तर व्हॉल्व्हवर जंतुसंसर्ग झाला आहे का, हे बघावं लागतं. त्यासाठीचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी केली तरच नीट कळतं. त्यामुळे मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून चार दिवस काढू नका.

बायकांसाठी

संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह गेलेल्यांमध्ये तरुण मुली खूप असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते. पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, चक्कर येत असेल तर "बायकांचं असतंच" म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन आणि आयएनआर दोन्ही करा. त्यावर उपाय आहेत.

ही गोळी गर्भाला, विशेषतः ६ ते १२ आठवड्यांत, इजा करू शकते. पण ती बंद केली तर आईचा व्हॉल्व्ह धोक्यात येतो. म्हणून मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच हृदयाचे आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा. डोस किती आहे, कोणत्या महिन्यात हेपरिनवर न्यायचं, कधी परत गोळी, याचा आराखडा आधी व्हावा लागतो आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं. पाळी चुकली तर दुसऱ्याच दिवशी तपासणी करा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचा कोणता मार्ग चालेल हेही विचारूनच ठरवा, कारण काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. बाळाला अंगावर पाजायला वॉरफेरिनची आडकाठी नाही. ॲसिनोकूमारॉलबद्दल बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

लग्न जमवताना ऑपरेशन लपवलं जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. मग सासरी गोळी लपून घ्यावी लागते, तपासणीला जाता येत नाही, आणि जीव जातो तो मुलीचा. सांगूनच लग्न करा.

काम आणि प्रवास

जखमा भरल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की बहुतेक कामं करता येतात. कोयता, विळा, यंत्राचं पातं यांच्याशी काम असेल तर हातमोजे आणि बूट घाला. कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका. विजेवर चालणारा दाढीचा रेझर बरा. मोटारसायकलवर हेल्मेट हवंच, मागे बसतानाही.

प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. वारीला पायी जाणाऱ्यांनी निघण्याच्या आठवड्यात तपासणी करून घ्यावी आणि पायाच्या फोडांकडे दुर्लक्ष करू नये. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर सहा-सहा महिने जाणाऱ्या कुटुंबांचं सगळ्यात अवघड असतं, कारण नेमक्या त्याच काळात तपासण्या सुटतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून डोसचा आणि आयएनआरच्या मर्यादेचा कागद लिहून घ्या. कारखान्याच्या जवळच्या तालुक्याला आयएनआर करणारी लॅब कोणती, हे मुकादमाला किंवा तिथल्या आशाताईंना विचारून ठेवा. टोळीतल्या आणखी एका माणसाला गोळीची वेळ आणि वही कुठे असते ते सांगून ठेवा. उचलीच्या हिशोबात महिन्याची एक सुट्टी आणि तपासणीचे पैसे आधीच धरा.